मोडीचे खिळे

कोलकात्याच्या पूर्वेला वसलेल्या न्यू टाउनमध्ये आज संगणकावर लपेटदार फॉन्ट निवडायला क्षणही लागत नाही. तिथून हुगळी ओलांडून वायव्येला गेले की श्रीरामपूर लागते. मराठीची धावती मोडी लिपी छपाईच्या धातूच्या खिळ्यांत उतरली ती याच गावी, महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर.

श्रीरामपूर तेव्हा डॅनिश अमलाखाली होते. १८०० साली तिथे मिशनचा छापखाना निघाला. पंचानन कर्मकार हा लोहार घराण्यातला कसबी ठसे कोरायचा. त्याच्या पश्चात जावई मनोहरने ते काम चालवले. छापखान्याचा सूत्रधार विल्यम केरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवी. पंडित वैजनाथ शर्मा त्याच्या मदतीला होते. केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली बालबोधीत, म्हणजे देवनागरीत छापले गेले, त्याच्या १८१० सालच्या कोशात मात्र मराठी शब्द मोडीत आले. मार्च १८१२च्या आगीत छापखान्यातले खिळे वितळले, पण ठसे आणि साचे वाचले आणि ओतकाम पुन्हा सुरू झाले. १८१४ साली वैजनाथांची ‘सिंहासन बत्तिशी’ मोडीत निघाली.

मोडी लिहिताना आधी कागदभर आडव्या रेघा ओढतात, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे त्यांना टांगत जातात. काना वर वळून पुढच्या अक्षराला जाऊन मिळतो. उकार लागला की काही अक्षरांचे रूपच पालटते. म्हणजे अक्षराचा आकार शेजाऱ्यावर ठरतो. खिळा मात्र सुटा असतो, शेजारी कुणीही आला तरी त्याचे रूप बदलत नाही. प्रत्येक जोडणीला वेगळा खिळा पाडायचा, तर जुळाऱ्यापुढच्या पेटीला अंत राहत नाही. त्यापेक्षा शिळाछाप मोडीला मानवला, कारण दगडावर हातचे वळण जसेच्या तसे उतरे. मुद्रणात पुढे बालबोध रुळली. मोडी दप्तरांत आणि शाळेच्या कित्त्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली.

२०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. आता नोटो सान्स मोडीसारखा फॉन्ट उपलब्ध आहे. अक्षरापुढे काय येते ते पाहून योग्य रूप निवडण्याचे काम संगणकी फॉन्ट करू शकतो, सुट्या खिळ्याला ते जमत नव्हते. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडी आणि देवनागरीच्या संगमातून ‘मुक्तलिपी’ घडवली, ती आधी हाताने.

मोडीवळणाचे अक्षर शीर्षकाला, मुखपृष्ठाला, बोधचिन्हाला शोभते, लांब मजकुराला नाही. आजचा बहुतेक वाचक मोडी वाचत नाही, म्हणून शेजारी बालबोधीत तेच नाव हवे. आणि रचनाकाराने अक्षरांमधले अंतर वाढवू नये. रेघ तुटली की मोडीची गती जाते आणि नुसती नक्षी उरते.