लहान शिकारीची सुरी : एक दुर्लक्षित इतिहास

विळी, मोरळी, कोयता, सुरी ही हत्यारे आपल्या आयाबायांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या वावरत आली आहेत. मासळी साफ करताना कोणते पाते घ्यावे आणि मटण कापताना कोणते, हे त्यांना कोणी शाळेत शिकविलेले नव्हते. तथापि हत्याराची निवड हीदेखील एक विद्या आहे आणि तिला स्वतःचा इतिहास आहे. त्या इतिहासाचे एक लहानसे प्रकरण प्रस्तुत लेखात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत : ससा, खार यांसारखी लहान शिकार सोलण्यासाठी व साफ करण्यासाठी माणसाने कोणती सुरी निवडली, आणि का निवडली. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातला, आणि ते उचितच झाले. म्हणून या प्रकरणासाठी आम्ही उत्तर अमेरिकेकडे वळतो. एकोणिसाव्या शतकात तेथील असंख्य कुटुंबांच्या उदरनिर्वाहाशी हा प्रश्न निगडित होता, आणि त्याविषयी अनुभवाने लिहून ठेवणारी माणसेही तेथे झाली.

सोलण्याची सुरी आपल्या श्रद्धेच्या चित्रसृष्टीतही आहे. संत बार्थोलोम्यू यांना जिवंतपणी सोलून हुतात्मा करण्यात आले, अशी परंपरा आहे. म्हणून त्यांच्या मूर्तीच्या हाती सुरी दिसते. सिस्टाईन चॅपेलमध्ये मायकेलअँजेलोने १५४१ मध्ये पूर्ण केलेल्या ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रात त्यांच्या एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात स्वतःची त्वचा आहे. हा प्रेषित भारतात आला होता असे युसेबियसने चौथ्या शतकात नमूद केले आणि काही अभ्यासकांनी त्याचा संबंध कल्याणच्या परिसराशी जोडला, हे आपल्या वाचकांना ज्ञात आहे. ज्या हत्याराने त्यांचा छळ झाला, ते हत्यार चालवणारे कातडी कमावणारे आणि खाटीक यांनीच त्यांना आपले आश्रयदाते संत मानले. कष्टकऱ्यांनी आपल्या हत्याराला दिलेला हा मान अर्थपूर्ण आहे.

आता मूळ कामाकडे वळू. लहान प्राणी सोलताना सुरीचे काम फार थोडे असते. सशाचे कातडे सैल असते. पाठीवर एक आडवा छेद घेतला की दोन्ही हातांनी ते दोन बाजूंना ओढून निघते. खरी कसोटी पोट उघडताना लागते. पोटाचा पडदा पातळ असतो आणि त्याच्या लगत आतडी व मूत्राशय असतात. सुरीचे टोक किंचित खोल गेले की आतले सारे फुटते आणि मांस नासते. म्हणून जाणता माणूस धार वरच्या बाजूस ठेवतो, टोकापाशी बोट टेकवतो आणि आतून बाहेर अशी हलकी चीर घेतो. या कामाला तीन-चार इंचांचे पातळ पाते पुरते. केसाळ कातडे विकायचे असेल तर आणखी एक चिंता असते : सुरीने भोक पडले की कातड्याची किंमत उतरते.

असे असूनही अमेरिकेच्या इतिहासात नाव झाले ते नेमके उलट प्रकारच्या सुरीचे. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतील एका वाळूच्या बेटावर झालेल्या हाणामारीत जेम्स बोवी हा गृहस्थ घायाळ होऊनही आपल्या मोठ्या सुरीच्या बळावर वाचला. तिची वर्णने वृत्तपत्रांतून गाजली. त्याचा भाऊ रेझिन याने १८३८ मध्ये लिहिलेल्या पत्रानुसार ती मुळात शिकारीचीच सुरी होती. पाते सव्वानऊ इंच लांब व दीड इंच रुंद. पुढे ‘बोवी’ नावाची एक लाटच उसळली. इंग्लंडमधील शेफील्डच्या कारखानदारांनी अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी अशा सुऱ्या भरभरून पाठविल्या. टेनेसी राज्याने १८३८ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली, इतकी त्यांची दहशत होती. सशाच्या पोटाशी असले पाते नेणे म्हणजे कोयत्याने द्राक्ष सोलण्यासारखे होते. परंतु कमरेला ती शोभत असे, आणि शोभेला गिऱ्हाईक मिळत असे.

दुसरीकडे, फारसा गाजावाजा न होता, एक वेगळी सुरी घराघरांत शिरत होती. १८३४ मध्ये जॉन रसेल यांनी मॅसॅच्युसेट्समधील ग्रीनफील्ड येथे कारखाना काढला. जवळच्या ग्रीन नदीवरून त्याला ‘ग्रीन रिव्हर वर्क्स’ हे नाव मिळाले. तेथील खाटकी व सोलण्याच्या सुऱ्या अगदी साध्या : पोलादाचे सपाट पाते, आणि लाकडी मुठीला रिबिटा. बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्यांचा प्रसिद्ध वार्षिक मेळावा वायोमिंगमधील दुसऱ्याच एका ग्रीन नदीच्या काठी अनेकदा भरत असे. त्यामुळे सुरीचे नाव त्या नदीवरून पडले असा समज पुढे रूढ झाला. वास्तविक हा शेवटचा मेळावा १८४० साली भरला, तेव्हा रसेल यांचा कारखाना जेमतेम सहा वर्षांचा होता. या सुऱ्या खपल्या त्या स्वस्त, पातळ आणि कोणत्याही दगडावर धार घेणाऱ्या होत्या म्हणून.

हा विवेक शब्दांत मांडण्याचे श्रेय प्रथम जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स यांना द्यावे लागेल. हे पेनसिल्व्हेनियातील वेल्सबरो गावचे चर्मकार, व्यवसायाने पादत्राणे शिवणारे. अंगकाठी किरकोळ, प्रकृती तोळामासा. १८८३ मध्ये अवघ्या साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलोंच्या आसपास वजनाच्या होडीतून त्यांनी ॲडिरॉनडॅक पर्वतातील सरोवरांचा प्रवास केला. ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहिलेले त्यांचे ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. बाजारातील जाडजूड शिकारी सुऱ्यांविषयी त्यात त्यांनी नापसंती दर्शविली आणि सोलणे, मांस कापणे व जेवणे या तिन्ही कामांस चालेल अशा पातळ पात्याच्या सुरीची शिफारस केली. जोडीला दोन पात्यांचा खिशातील चाकू आणि एक लहान कुऱ्हाड. जाड काम कुऱ्हाडीने करावे, म्हणजे सुरीला पातळ राहता येते, ही त्यामागची दृष्टी. दुबळ्या माणसाला ओझे परवडत नाही. म्हणूनच कदाचित त्याला नेमके काय लागते हे अधिक स्वच्छ दिसले असावे.

पुढे १९०६ मध्ये होरेस केफार्ट या ग्रंथपालाने वनजीवनावरील आपल्या पुस्तकात हाच धागा पुढे नेला. त्यांची आवडती सुरी एका खेड्यातील लोहाराने घडविलेली होती : पाते साडेचार इंच, मूठही तेवढीच, रुंदी एक इंच, पाठीची जाडी इंचाचा आठवा भाग. पात्याचे पोलाद मुठीच्या आरपार गेलेले. दिसायला ती अगदी ओबडधोबड, परंतु हाताखालून गेलेल्या अनेक सुऱ्यांहून तीच त्यांना प्रिय राहिली.

येथवर प्रश्न मांसाचा आणि कातड्याचा होता. विसाव्या शतकात तो माणसाच्या जिवाचा आहे, हे उघड झाले. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्युलेरी जिल्ह्यात खारींमध्ये प्लेगसारखा रोग आढळला. पुढच्याच वर्षी मॅकॉय व चॅपिन यांनी त्याचे जंतू वेगळे केले. एडवर्ड फ्रान्सिस यांनी १९२१ मध्ये या रोगाला ‘ट्युलरेमिया’ हे नाव दिले. ससे सोलणारे शिकारी, बाजारातले विक्रेते आणि स्वयंपाकघरातल्या गृहिणी या रोगाला बळी पडत. हाताला झालेल्या बारीक जखमेतून जंतू शरीरात शिरत. संशोधन करता करता फ्रान्सिस यांनाही हा रोग जडला. जपानमध्ये हाचिरो ओहारा या वैद्यांनी १९२५ मध्ये रोगट सशाचे काळीज आपल्या पत्नीच्या हाताला तिच्या संमतीने चोळून पाहिले. ती आजारी पडली, आणि सशापासून माणसाला हा रोग होतो हे सिद्ध झाले. सुदैवाने ती बरी झाली. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ मध्ये. तोपर्यंत या रोगावर खात्रीचे औषध नव्हते.

या ज्ञानाच्या प्रकाशात नेसमक आणि केफार्ट यांचा सल्ला पुन्हा वाचावा. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते. लांब पात्याचे टोक नजरेआड जाते आणि दुसऱ्या हाताला लागते. गुळगुळीत मूठ रक्ताने ओली झाली की हात घसरून धारेवर येतो. म्हणजे लहान पाते, चांगली धार आणि हातात घट्ट बसणारी मूठ ही आवडीनिवडीची बाब उरत नाही. कुटुंबातल्या माणसाचा हात शाबूत राहण्याचा तो उपाय ठरतो. आज त्याला रबरी हातमोज्यांची जोड मिळाली आहे. घडीच्या चाकूच्या सांध्यात रक्त व चरबी साचते, ती सहज धुतली जात नाही. म्हणून सरळ पात्याची सुरी बरी, हेही त्यातच आले.

बोवी सुऱ्या आज संग्रहालयांच्या काचेआड मखमलीवर विराजमान आहेत. ज्या सुऱ्यांनी अमेरिकेतील खेड्यापाड्यांची हिवाळ्यातली चूल पेटती ठेवली, त्यांपैकी अनेक दगडावर घासून घासून झिजल्या, काडीएवढ्या झाल्या आणि फेकल्या गेल्या. वापरलेली वस्तू मागे राहत नाही, आणि मागे न राहिलेल्या वस्तूचा इतिहास लिहिणे कठीण होते. आपल्याकडेही परिस्थिती वेगळी नाही. आमची वाचकांना विनंती आहे की, घरात आजीच्या हातची एखादी झिजलेली विळी वा सुरी असेल तर ती भंगारात घालण्यापूर्वी तिचे नाव, ती घडविणाऱ्या लोहाराचे गाव आणि तिच्यावर होणारी कामे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावीत. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे शक्य आहे.