विमान आहे तरी कुठे?

महासागरावरून जाणाऱ्या विमानावर जमिनीवरून लक्ष कसे ठेवतात? अनेक दशके याचे खरे उत्तर ‘ठेवता येत नाही’ असेच होते. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी आहे गोल. ११ किलोमीटर उंचीवरचे विमानसुद्धा सुमारे ४०० किलोमीटर दूर गेले, की रडारच्या क्षितिजाखाली जाते. त्यापुढे वैमानिकाने ठरावीक ठिकाणी पोचल्यावर रेडिओवरून आपले स्थान सांगायचे आणि नियंत्रकाने ते टिपून घ्यायचे. ते खरे की चूक, हे पडताळायला साधन नव्हते.

याची किंमत १९८३ मध्ये मोजावी लागली. अलास्काहून सोलकडे निघालेले कोरियन एअर लाइन्सचे ००७ हे विमान मार्गापासून ५०० किलोमीटरहून अधिक भरकटले. वैमानिक मात्र आपण ठरलेल्या मार्गावरच आहोत असे कळवत राहिले. १ सप्टेंबर रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे मरण पावली. त्याच महिन्यात अमेरिकेने आपली जीपीएस यंत्रणा नागरी विमानांना खुली करण्याचे जाहीर केले.

जीपीएसमुळे विमानाला स्वतःचे स्थान अचूक कळू लागले. पुढे विमानातील ट्रान्सपॉन्डर ते स्थान दर सेकंदाला साधारण दोनदा आपोआप प्रसारित करू लागला. पण ऐकणारे जमिनीवर असतील, तर क्षितिजाची अडचण कायमच! म्हणून ७८० किलोमीटर उंचीवरच्या ६६ इरिडियम उपग्रहांवर ग्राहक बसवले गेले. २ एप्रिल २०१९ पासून ब्रिटन व कॅनडाच्या नियंत्रकांनी उत्तर अटलांटिकवर ही पद्धत चाचणी म्हणून वापरायला घेतली. एकामागून एक जाणाऱ्या विमानांतील अंतर ४० सागरी मैलांवरून १४ पर्यंत कमी करता आले.

तरीही एक गोष्ट विसरू नये. हे उपग्रह विमानाला पाहत नाहीत, त्याचे बोलणे ऐकतात. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाच्या एमएच ३७० विमानाच्या ट्रान्सपॉन्डरचे संदेश थांबले. अशा मुक्या झालेल्या विमानाचे स्थान या उपग्रहांनाही सांगता येणार नाही.

वर्गात करण्यासाठी : पृथ्वीची त्रिज्या ६४०० किलोमीटर धरा. त्रिज्या आणि उंची यांच्या गुणाकाराच्या दुपटीचे वर्गमूळ म्हणजे क्षितिजाचे अंदाजे अंतर. विमानासाठी ते ३७५ किलोमीटर येते. उपग्रहासाठी किती येते, ते विद्यार्थ्यांना काढू द्या. ग्राहक आकाशात का न्यावे लागले, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.