सरस, चीक आणि खपली

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचं आणि त्याची लाथ पाठीवर खायची, हा उपाय आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत राजरोस चालायचा. पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. त्याच्या पायात गुण असतो, अशी समजूत. आता लाथेची जागा एमआरआयने घेतली आहे आणि ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य घरोघरी पोचलं आहे. गंमत अशी, की ज्याला आपण गॅप म्हणतो त्यात बहुतेक वेळा दोन मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं असतं. ‘गादी सरकली’ हेही तितकंच फसवं. गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट धरून असते, ती साबणाच्या वडीसारखी सटकत नाही. ती फाटते, आणि आतला गर बाहेर येतो.

कण्यात अशा २३ गाद्या असतात. मध्ये पाणीदार, बुळबुळीत गर आणि त्याभोवती १५ ते २५ पदरांचं कडं. एका पदरातले तंतू डावीकडे तिरपे, तर पुढच्यातले उजवीकडे. बाजेच्या विणीसारखी ही आडवीतिडवी ओढ असते, म्हणून माणूस वाकला काय, वळला काय, कोणता तरी पदर ताण घेतोच. हे तंतू कोलॅजनचे. ग्रीक भाषेत ‘कोल्ला’ म्हणजे सरस, आणि कोलॅजन म्हणजे ज्यापासून सरस होतो ते. जुन्या सुतारांच्या डब्यात रटरटणारा, नाक मुरडायला लावणारा सरस जनावरांची कातडी नि हाडं उकळूनच केलेला असे. आपल्या पाठीतली गादी अशी मुळातच सरसाच्या घराण्यातली आहे. तरी ती एकदा फाटली की पुन्हा चिकटत नाही.

गादी फाटते आणि तिचा तुकडा मज्जातंतूवर दाब देतो, हे वैद्यकाला उशिरा पटलं. शस्त्रक्रियेत सापडणाऱ्या त्या पांढुरक्या तुकड्यांना बरीच वर्षं कूर्चेची गाठ समजलं जाई. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये लेख लिहून सांगितलं, की या गाठी नाहीत, हा फुटलेल्या गादीचा माल आहे. तो काढला की पायात उतरणारी कळ थांबते. त्यानंतर जगभर गाद्यांच्या शस्त्रक्रियांची लाट आली. कळ जायची हे खरं, पण गर ज्या भोकातून बाहेर पडला ते भोक तसंच राहायचं. आजही बहुतेक शस्त्रक्रियांत ते तसंच राहतं, आणि शंभरातल्या पाच ते पंधरा जणांच्या त्याच गादीतून पुन्हा गर बाहेर येतो.

चिकटवण्याचा विचार येण्याआधी मात्र विरघळवण्याचा आला, आणि तो आला पपईतून. मटण शिजेना की कच्च्या पपईचा तुकडा टाकायचा, हे कुणाही सुगरणीला ठाऊक असतं. पपईच्या चिकात प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात. १९५६ मध्ये लुईस थॉमस यांनी सशांना त्यातलंच पपेन टोचलं तेव्हा त्यांचे ताठ कान काही तासांत लुळे पडले, कारण कानातल्या कूर्चेचा गाभाच विरघळला होता. अमेरिकेत इलिनॉयमधले लायमन स्मिथ यांनी त्याच चिकातलं कायमोपपेन माणसाच्या फुटक्या गादीत टोचलं आणि १९६४ मध्ये त्याचा वृत्तांत छापला. १९८२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. पण काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली, काहींच्या मज्जारज्जूला इजा झाली, आणि कायमोपपेन हळूहळू बाजारातून गेलं. चीक चांगला होता, जागा नाजूक होती.

आता मूळ प्रश्न. बोट कापलं तर आठवड्याभरात भरून येतं, मग गादीच का नाही? कारण तिथे रक्तच पोचत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्यांवाचून जगणारा एवढा मोठा दुसरा अवयव नाही. कड्याच्या अगदी बाहेरच्या पदरांत काय थोड्या वाहिन्या असतील तेवढ्याच. बाकीच्या पेशी मणक्यातून झिरपत आलेल्या पोषणावर कशाबशा तग धरतात. रक्त नाही म्हणून ते साकळत नाही, साकळत नाही म्हणून खपली नाही, आणि खपली नाही म्हणून तिच्या आधाराने भरून येणंही नाही. तेव्हा गादी चिकटवायची म्हणजे खरं तर खपली बाहेरून तिथवर नेऊन ठेवायची.

ही न्यायची खपली तयार होती, ती मात्र वेगळ्याच कामासाठी. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. जखम झाली की थ्रॉम्बिन त्याची टोकं छाटतं, आणि मोकळे झालेले रेणू एकमेकांना धरून फायब्रिनचं जाळं विणतात. हे जाळं म्हणजेच खपलीचा सांगाडा. १९०९ मध्ये बर्गेल यांनी वाळलेल्या फायब्रिनची भुकटी रक्तस्राव थांबवायला वापरली, पण ती चिकटवत नव्हती. चिकटवण्याची कल्पना युद्धाने आणली. तुटलेल्या मज्जातंतूला टाके घातले की आतले तंतू पिळवटतात, म्हणून १९४० मध्ये ऑक्सफर्डमध्ये जे. झेड. यंग आणि पीटर मेडावर यांनी टाक्याऐवजी रक्तद्रवच साकळू देऊन तंतूंची टोकं जोडली. याच मेडावर यांना पुढे, १९६० मध्ये, दुसऱ्याच कामासाठी नोबेल मिळालं. जोड लागत असे, पण टिकाव कमी, कारण साध्या रक्तद्रवात फायब्रिनोजेन फारच विरळ असतं.

ते घट्ट मिळवण्याची वाटही युद्धातूनच निघाली. सैनिकांसाठी रक्तद्रव साठवायचा म्हणून हार्वर्डचे एडविन कोन त्याचे घटक थंड अल्कोहोलने वेगळे करत होते, त्यात फायब्रिनोजेनही सुटं झालं. १९४४ मध्ये क्रॉनकाइट आणि सहकाऱ्यांनी फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र वापरून त्वचेचं कलम बसवलं. एवढं सगळं जुळून आल्यावर गाडी अडली ती काविळीपाशी. हजारो लोकांच्या एकत्र केलेल्या रक्तद्रवातून एकाचा विषाणू सगळ्यांना मिळे, आणि १९७७ मध्ये अमेरिकेने असल्या फायब्रिनोजेनचा परवानाच रद्द केला. युरोप मात्र थांबला नाही. व्हिएन्नात हेलेने मात्रास यांनी १९७२ मध्ये घट्ट फायब्रिनोजेनने मज्जातंतू जोडून दाखवले होते, आणि पुढे तिथलाच गोंद बाजारात आला. विषाणू मारण्याची तंत्रं पक्की झाल्यावर, १९९८ मध्ये, अमेरिकेने टिसील हा गोंद मान्य केला. त्याच्या दोन सिरिंजा एकाच दट्ट्याला जोडलेल्या असतात. एकीत फायब्रिनोजेन, दुसरीत थ्रॉम्बिन आणि कॅल्शियम. दोन्ही टोकाशी भेटतात आणि क्षणात साकळतात. मान्यता होती ती हृदयाच्या आणि प्लीहेच्या शस्त्रक्रियांसारख्या कामांसाठी. त्या यादीत गादी नव्हती.

तरी सुया गादीकडे वळल्याच. अमेरिकेतल्या एका प्राथमिक अभ्यासात पंधरा रुग्णांच्या फाटक्या गाद्यांत फायब्रिन टोचलं गेलं. दोन वर्षांच्या पाठपुराव्यासह २०१४ मध्ये तो छापून आला आणि दुखणं कमी झाल्याचं त्यात म्हटलं आहे. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. पाठदुखी अशी लहरी, की काहीही न करताही ती वर्षभरात उतरू शकते. पायाळू माणसाचा लौकिकही अशाच उताऱ्यावर वाढला असणार. शिवाय २००९ मध्ये कॅरागी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तपासणीसाठी गादीला नुसती बारीक सुई टोचली तरी दहा वर्षांनी ती न टोचलेल्या गादीपेक्षा अधिक झिजलेली दिसते. भोक बुजवायला जाताना आधी भोक पाडावं लागतं, हा तिढा अजून सुटलेला नाही.

दुसरा तिढा जोराचा. जर्मनीतल्या उल्म इथे विल्के यांनी ७० किलोच्या एका स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवला. नुसतं उभं राहिलं तरी गादीतला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त. पाठ वाकवून २० किलो उचलले तर टायरच्या सुमारे दहापट. फायब्रिनचा गोंद त्वचेच्या कलमाला पुरतो. या दाबाखाली तो फुटतो, आणि न फुटला तरी शरीर त्याला दोन-तीन आठवड्यांत पचवून टाकतं. खपली गळून पडण्यासाठीच असते, त्यात तिचा दोष नाही.

म्हणून तिला जास्त चिवट करायचा खटाटोप सुरू झाला. जेम्स आयाट्रिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये फायब्रिनमध्ये जेनिपिन मिसळलं. त्याने जाळ्याचे धागे एकमेकांना बांधले जातात. जेनिपिन काढतात ते ज्या झाडाच्या फळांतून, ते झाड म्हणजे आपला अनंत. गणपतीला वाहतो तोच. आपल्या अंगणातला अनंत दुहेरी पाकळ्यांच्या फुलांचा, त्याला फळ क्वचितच धरतं, म्हणून त्याचा हा गुण आपल्या ओळखीचा नाही. चीन-जपानात त्याच्या फळाचा पिवळा रंग अन्नाला देतात. प्रथिनांना लागल्यावर जेनिपिन निळं होतं, त्यामुळे हा गोंदही निळसर दिसतो.

कॉर्नेलच्या लॉरेन्स बोनासार आणि रॉजर हार्टल यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी कड्याचं भोक बुजवायला घेतलं कोलॅजनच, उंदराच्या शेपटीतून काढलेलं, आणि ते घट्ट करायला वापरलं रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, आणि प्रकाश. मेंढ्यांच्या कण्यावर २०२० मध्ये त्यांनी आत गराच्या जागी हायल्युरॉनिक आम्लाचं जेल भरून वर ही चिकटपट्टी लावली, आणि गादीची झीज रोखलेली दिसली. मात्र मेंढी चार पायांवर चालते.

एरवीच्या शस्त्रक्रियागृहात फायब्रिनचा गोंद हाताशी असतोच. गादीपर्यंत जाताना मज्जारज्जूचं आवरण चुकून फाटलं आणि आतलं पाणी झिरपू लागलं, तर सर्जन त्याला टाका घालतो आणि वरून हा गोंद फवारतो. काही क्षणांत पांढरट पापुद्रा धरतो, झिरप थांबते. तिथून बोटाच्या पेरभर अंतरावर गादीचं भोक तसंच उघडं असतं. सर्जन ते बघतो, आणि पाठ शिवून घेतो.