बोर्डाची ओळखपरेड

बंगळूरचा इतिहास म्हटलं की आपल्याला शहाजीराजांची जहागीर आठवते. आज मी याच शहरातल्या अगदी अलीकडच्या इतिहासाबद्दल बोलणार आहे. त्याचा कागद मोडीत नाही, तो एका सर्किट बोर्डावर आहे.

मी सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त ठेवणाऱ्या दलात होतो. निवृत्तीनंतर इथेच राहिलो. मल्लेश्वरममधले एक मराठी गृहस्थ नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लर चालवायचे. त्यांचं शेवटचं यंत्र, 'स्ट्रीट फायटर २', घरी बंद पडलं होतं. ते म्हणाले, "कर्नलसाहेब, आमच्याकडे लढवय्ये हवेतून आगीचे गोळे फेकायचे. स्टार्टचं बटण दाबलं की मधेच माणूस बदलायचा. नातू म्हणतो, आजोबा, असा गेम नव्हताच!"

यंत्र सुरू करण्यापेक्षा ही साक्ष खरी की खोटी, हे त्यांना महत्त्वाचं होतं.

पहिली गोष्ट, कपाटावरचं चित्र हा पुरावा नव्हे. जपानमध्ये १९८५ साली 'जामा' हे जोडणीचं मानक आलं. ५६ टोकांचा एकच कनेक्टर ठरला, त्यामुळे एकाच कपाटात आज हा गेम, उद्या तो. खरी ओळख आतल्या बोर्डाची. हा कनेक्टर उलटा बसला तर बोर्ड जळू शकतो. मी एक असाच घालवला आहे, म्हणून सांगतो.

'कॅपकॉम'चा त्या काळचा संच तीन बोर्डांचा असतो. 'ए'वर ६८००० प्रोसेसर, 'बी'वर गेमच्या मेमरी चिप, आणि छोट्या 'सी'वर कंपनीची खास चिप. चिपवर बऱ्याचदा चार आकडे असतात. ९१३७ म्हणजे १९९१ सालचा ३७वा आठवडा. बोर्डावरची सर्वांत नवी चिप पाहा. बोर्ड त्याआधी तयार झालेला असू शकत नाही. शिलालेखाचा काळ ठरवताना आपण असाच तर्क करतो. खास चिपच्या जागी साध्या आयसींची गर्दी असेल, नंबर घासून काढलेले असतील, तर बोर्ड नकली समजावा.

आमचे तिन्ही बोर्ड अस्सल निघाले. पण 'बी'वरच्या काही चिपवर छापील लेबल नव्हतं, पेनानं आकडे लिहिलेल्या चिकटपट्ट्या होत्या. त्या मी काढल्या नाहीत. खाली काचेची खिडकी असते, तिच्यातून अतिनील किरण गेले की मजकूर पुसला जातो.

बिघाड 'ए' बोर्डात होता. एसपी रोडवर सॉकेट, कपॅसिटर, साध्या आयसी मिळाल्या. कंपनीच्या खास चिप मिळाल्या नाहीत. एका दुकानदारानं सल्ला दिला, "हे सगळं काढा, शेकडो गेमचा नवा बोर्ड बसवा." गृहस्थ जवळजवळ तयार झाले होते. मी म्हटलं, "यंत्र चालेल, पण तुमचा साक्षीदार भंगारात जाईल."

आधी मी सगळ्या चिपमधला मजकूर वाचून उतरवून घेतला आणि १९९७ पासून जुने गेम जपणाऱ्या 'मेम' प्रकल्पातल्या नोंदींशी ताडला. तो निघाला 'रेनबो', म्हणजे १९९२ च्या 'चॅम्पियन एडिशन'मध्ये परस्पर फेरफार करून पसरवलेली आवृत्ती. मग परदेशातून त्याच मालिकेतल्या दुसऱ्या गेमचा 'ए' बोर्ड मागवला, कारण तो या मालिकेत अदलाबदल करता येतो. विक्रेत्याकडून आधी दोन्ही बाजूंचे, नंबर वाचता येतील असे फोटो घेतले. 'तपासलेला नाही' असं लिहिलेला माल मी बंदच समजतो.

यंत्र सुरू झालं. नातवानं स्टार्ट दाबलं आणि लढता लढता माणूस बदलला. तो आजोबांकडे पाहत राहिला. आजोबा काही बोलले नाहीत, खिशातून दुसरं नाणं काढलं.

मंडळी, कंपनीच्या अधिकृत यादीत हा गेम नाही. पण आपल्या मुलांनी खेळलेला गेम तोच होता. आपल्या पार्लरांचा इतिहास लिहायचा तर नकलेलाही साक्षीला बोलवावं लागेल. तुमच्याकडे असं यंत्र असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. एवढंच सांगायचं होतं.

जय हिंद.