पिशवी कोणाची?

उजनी जलाशयातली चिलापी इंदापूर तालुक्यात कोणाला नवी नाही. मूळची ही आफ्रिकेतली मासळी. भारतात ती १९५२ साली आणली गेली. विणीनंतर मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत जवळजवळ काही खात नाही. बारामतीला शिक्षकांच्या एका मेळाव्यात मी हे सांगत असताना इंदापूरकडच्या एका बाईंनी विचारले, "सर, नेहमी आईच का? बाप कोठे असतो?" मी समुद्रघोड्याचे नाव घेतले. लगेच दुसरा प्रश्न आला, "मग तो आमच्या शाळेत पाळता येईल का?"

समुद्रघोडा हा मासाच. त्याला कल्ले आहेत, पर आहेत. खवल्यांऐवजी हाडांची कडी आहेत. प्राचीन ग्रीकांनाही तो माहीत होता. पण पोटाशी पिशवी घेऊन हिंडणारी ती मादीच, असे जाणकारही धरून चालत. १८३१ साली स्वीडनमधल्या एक्स्ट्रोम यांनी समुद्रघोड्याचा चुलतभाऊ शोभेल अशा नळीमाशाबद्दल उलटेच लिहिले: अंडी वाहतो तो नर. पुढे त्यांचेच देशबांधव रेट्झियस यांनी शवविच्छेदन करून याला दुजोरा दिला. पिशवीवाल्यांच्या पोटात वृषणे होती, अंडाशय नव्हते. नर-मादी ठरवायचे ते पिशवीवरून नव्हे, तर प्रजननग्रंथींवरून. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यासाठी कोणीतरी मासा उघडून पाहावा लागला! १८७१ साली डार्विननेही आपल्या ग्रंथात या बापांची दखल घेतली.

आणि ही पिशवी म्हणजे नुसती झोळी नव्हे. मादी तिच्यात अंडी सोडते, तेथेच ती फलित होतात. पिशवीच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या गर्भांना प्राणवायू पुरवतात. आतल्या पाण्याचा खारटपणाही हळूहळू समुद्राच्या जवळ आणला जातो. दोन ते चार आठवड्यांनी नर कळा दिल्यासारखा वाकून शेकडो पिल्ले बाहेर फेकतो. त्यानंतर मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

आता दुसरा प्रश्न. समुद्रापासून दूर खारे पाणी तयार करता येते. १८५४ साली इंग्लंडमध्ये फिलिप गॉस यांनी साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड मिसळून ते करून दाखवले. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार लागतात. नुसते स्वयंपाकाचे मीठ कालवून समुद्र होत नाही. पण खरी अडचण पाण्याची नाही, पोटाची आहे. समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. नळीसारख्या तोंडाने ओढलेले भक्ष्य लवकर पुढे सरकते, म्हणून त्याला दिवसभर खावे लागते, आणि तेही बहुधा जिवंत. पिल्लांना तर सूक्ष्म कवचधारी जीव सतत हवेत. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पिवळ्या समुद्रघोड्याच्या संगोपनावर काम झाले आहे. त्याच्या शास्त्रीय नावातला 'कुडा' हा मलाय भाषेतला घोडा!

तरीही बाईंना मी नाही म्हणालो. चिनी औषधांसाठी वाळवलेल्या समुद्रघोड्यांचा व्यापार आणि ट्रॉलरच्या जाळ्यात होणारी त्यांची नासाडी पाहून भारताने २००१ साली त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण दिले. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील नियंत्रण २००४ पासून लागू झाले. हौसेखातर पकडणे किंवा विकत घेणे यात बसत नाही. शिवाय वाटेतच मरणाऱ्या प्राण्याकडून मुले काय शिकणार?

बाईंची काचपेटी तयार होती. तिच्यात त्यांनी चिलापीची जोडी सोडली. ती नदीओढ्यात सोडायची नाही, एवढी अट मी घातली. महिनाभराने मुलांचे पत्र आले: मादीने खाणे सोडले आहे, गाल फुगलेत, औषध कळवा.