माकडताप सिंधुदुर्गात आला कधी?

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात, 2016 साली माकडतापाचे रुग्ण सापडले आणि तेच साल या रोगाच्या आगमनाचं म्हणून रूढ झालं. पण दवाखान्यातली नोंद सुरू होते ती डॉक्टरांना शंका येते तेव्हा. विषाणू त्याआधीच मुक्कामाला असू शकतो. आणि तो स्वतःची नोंद ठेवत असतो. गोचिडीच्या चाव्यातून शरीरात आल्यावर तो आवरणातल्या प्रथिनाच्या जोरावर पेशीत शिरतो आणि सुमारे 11 हजार अक्षरांच्या आपल्या आरएनएच्या नकला काढतो. नकलेतल्या चुका दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. त्या साचतात, आणि दोन नमुन्यांतल्या चुका ताडून त्यांची फारकत कधी झाली, याचा अंदाज बांधता येतो.

अर्थात, ताडायला जुना नमुना हवा. तो मिळाला पुण्यामुळे. तिथे 1952 साली रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, उभं राहिलं. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा केंद्राच्या संशोधकांनी हा विषाणू शोधून जपला. पुढे संस्थेतल्या प्रज्ञा यादव आणि सहकाऱ्यांनी 1957 ते 2017 पर्यंतचे नमुने ताडले. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विषाणू कर्नाटकातून गोवा-महाराष्ट्रात पसरल्याचं दिसलं. शिवाय महाराष्ट्र 2013 च्या सुमारासच प्रसाराचा नवा उगम झाला होता. केरच्या रुग्णांआधीच.

या गणितावर भरवसा का ठेवावा, हा आक्षेप रास्त आहे. सौदी अरेबियातल्या अल्खुर्मा या भावंडापासून हा विषाणू कधी वेगळा झाला? 2009 च्या अभ्यासाने उत्तर दिलं 1942 च्या सुमारास. 2011 च्या अभ्यासाने सुमारे 700 वर्षांपूर्वी. एवढी तफावत हसण्यावारी नेता येत नाही. पण तिथे मोजायचं होतं ते नमुन्यांच्या पलीकडचं, दूरचं अंतर. 2013 चा अंदाज हाताशी असलेल्या नमुन्यांच्या काळातला आहे, म्हणून तो मला जास्त ग्राह्य वाटतो. 2020 च्याच अभ्यासातली 1980 च्या सुमाराची फारकत मात्र मी जपूनच वाचतो: तिथे तुलना आहे 1957–1972 आणि 2006–2017 या दोन गटांची, आणि 1980 नेमकं मधल्या पोकळीत येतं.