संशोधनसंस्था आणि विद्यापीठे : स्वातंत्र्योत्तर भारतातील एका फारकतीचा इतिहास

प्रस्तावना

भारतातील अणुऊर्जा व अवकाश संशोधनाचा इतिहास बहुधा यशोगाथेच्या रूपात सांगितला जातो. ‘अप्सरा’ अणुभट्टी (१९५६), थुंबा येथील पहिले अग्निबाण-उड्डाण (१९६३), ‘आर्यभट’ (१९७५), ‘एसएलव्ही-३’चे यश (१९८०) हे त्या कथेचे ठळक टप्पे होत. या यशाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि या संस्था उभ्या राहत असतानाच आणखी एक प्रक्रिया घडत होती. देशातील प्रगत विज्ञान-संशोधन विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या भिंतींबाहेर गेले आणि शिकविणारा व शोध घेणारा या दोन वेगळ्या व्यक्ती झाल्या. ही फारकत अटळ होती काय, तिला विरोध कोणी केला आणि तो का टिकला नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. महाविद्यालयात विज्ञान शिकविणाऱ्यांच्या दृष्टीने हा केवळ भूतकाळाचा प्रश्न नाही.

स्वातंत्र्यपूर्व काळातील परंपरा

स्वातंत्र्यापूर्वी भारतीय भौतिकशास्त्रातील जे कार्य जगभर मान्यता पावले, ते प्रामुख्याने विद्यापीठीय अध्यापकांचे होते, ही बाब प्रथम लक्षात घ्यावी लागते. मेघनाद साहा यांचे औष्णिक आयनीभवनाचे समीकरण १९२० चे. ते त्या वेळी कलकत्ता विद्यापीठात शिकवीत होते. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ चा आपला प्रसिद्ध निबंध डाक्का विद्यापीठात अध्यापन करीत असताना लिहिला. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ चा शोध इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत लावला हे खरे, परंतु तेव्हा ते कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक होते. साधने तुटपुंजी, पैसा अपुरा. तरीही वर्ग आणि प्रयोगशाळा यांत अंतर नव्हते.

मुंबईची स्थिती निराळी होती. १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ दीर्घकाळ मुख्यतः परीक्षा घेणारे व पदव्या देणारे विद्यापीठ राहिले. अध्यापन विखुरलेल्या महाविद्यालयांत चाले. आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्त्यात पदव्युत्तर अध्यापन व संशोधन विद्यापीठाच्या छत्राखाली आणले, तसे मुंबईत त्या प्रमाणात घडले नाही. साहा आणि होमी भाभा यांच्यातील पुढील मतभेद केवळ स्वभावांचे नव्हते. मला वाटते, ते दोन शहरांच्या दोन शैक्षणिक अनुभवांचेही होते. केंब्रिजहून आलेल्या भाभांना मुंबईत ज्याच्यावर काही उभारावे असे विद्यापीठ दिसलेच नाही.

भाभांचा मार्ग

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्थेचा प्रस्ताव मांडला. काही दशकांत अणुऊर्जेपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्यातील एक युक्तिवाद होता. हिरोशिमाच्या जवळजवळ दीड वर्ष आधीचे हे पत्र आहे, यावरून त्यामागील दूरदृष्टी ध्यानात यावी. टाटा मूलभूत संशोधन संस्था जून १९४५ मध्ये बंगळूर येथे सुरू झाली व त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात आली.

या संस्थेने माणसे कोठून घेतली हे पाहणे उद्बोधक आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. १९४६ मध्ये ते भाभांच्या संस्थेत आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. (पुढे भाभांशी त्यांचे पटले नाही व अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा पुरस्कार त्यांनी हिरिरीने केला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) कोसंबींना संशोधनास अवकाश मिळाला, तो महाविद्यालयाने दिला असता असे नव्हे, पण महाविद्यालयाने एक असामान्य अध्यापक गमावला.

१९४८ चा कायदा आणि साहांचा आक्षेप

निर्णायक वळण १९४८ मध्ये आले. त्या वर्षी एप्रिलमध्ये संविधान सभेपुढे अणुऊर्जा विधेयक आले, तेव्हा त्यातील गोपनीयतेच्या तरतुदींवर एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी प्रश्न उपस्थित केले. विधेयक संमत झाले आणि ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोग नेमला गेला. भाभा अध्यक्ष, शांतिस्वरूप भटनागर व के. एस. कृष्णन सदस्य. साहांना त्यात स्थान नव्हते. १९५४ मध्ये पंतप्रधानांच्या थेट अखत्यारीत अणुऊर्जा विभाग निर्माण झाला, त्याचे मुख्यालय दिल्लीऐवजी मुंबईत राहिले, आणि १९५८ च्या पुनर्रचनेने आयोगास व्यापक प्रशासकीय व आर्थिक अधिकार मिळाले. सरकारी विभागाला एवढी मोकळीक मिळणे हे त्या काळी असाधारणच होते.

साहा तोवर लोकसभेचे सदस्य झाले होते. मे १९५४ मधील चर्चेत त्यांनी गोपनीयतेवर टीका केली; अणुसंशोधन खुले असावे, त्याचा पाया विद्यापीठांत घातला जावा, असा त्यांचा आग्रह होता. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी स्वतः अणुभौतिकी संस्था उभारली होती. १९५० मध्ये तिचे उद्घाटन इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते झाले. १९५६ मध्ये साहा निवर्तले. पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागलेली ही संस्थाही कालांतराने अणुऊर्जा विभागाच्या अर्थसाहाय्यावर चालू लागली. विद्यापीठाच्या चौकटीत महागडी उपकरणे उभारणे व चालविणे किती कठीण होते, हे त्यांच्या सायक्लोट्रॉनच्या रखडलेल्या कामाने दाखवून दिले होते. म्हणजे तत्त्व साहांचे योग्य, पण त्यास लागणारा पैसा व प्रशासन विद्यापीठांजवळ नव्हते, आणि ते विद्यापीठांना देण्याचा विचार राज्यकर्त्यांनी गांभीर्याने केला असे दिसत नाही.

एक विसरलेले भाषण

या फारकतीचे सारे दायित्व भाभांवर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. जानेवारी १९६६ मध्ये, मृत्यूपूर्वी काही दिवस, मुंबईत केलेल्या भाषणात त्यांनी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या उभारणीची पद्धत तपासली. आधी इमारत व आराखडा, मग विद्यापीठांतून अनुभवी माणसे ओढून घेणे, या पद्धतीने मुळात दुबळी असलेली विद्यापीठे आणखी दुबळी झाली, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपण मात्र आधी योग्य व्यक्ती शोधतो व तिच्याभोवती काम वाढवितो, असे ते सांगत. साहांचाच आक्षेप भाभांच्या मुखातून असा काहीसा वेगळ्या रूपात आला.

भाभांचे हे समर्थन अर्धेच पटते. तुर्भे येथे ऑगस्ट १९५७ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षण शाळेने विद्यापीठांतील प्रस्थापित प्राध्यापक पळविले नाहीत. तिने नुकतेच पदवीधर झालेले तरुण घेतले. अनिल काकोडकर हे रुपारेल महाविद्यालय व व्हीजेटीआय येथून याच वाटेने गेले. मात्र एरवी उद्याचे अध्यापक झाले असते असे कित्येक तरुणही त्यांतच होते.

अवकाश संशोधनाची वेगळी सुरुवात

अवकाश संशोधनाचा उगम पाहिल्यास वेगळी शक्यता दिसते. विक्रम साराभाईंची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा नोव्हेंबर १९४७ मध्ये सुरू झाली ती अहमदाबादच्या एम. जी. सायन्स इन्स्टिट्यूट या महाविद्यालयाच्या काही खोल्यांत. के. आर. रामनाथन तिचे पहिले संचालक होते. या प्रयोगशाळेतूनच पुढे अवकाश कार्यक्रमाचे नेतृत्व आले. परंतु १९६९ मध्ये भारतीय अवकाश संशोधन संघटना आणि १९७२ मध्ये अवकाश आयोग व विभाग स्थापन झाल्यावर साचा अणुऊर्जेचाच राहिला. विद्यापीठांना प्रकल्पनिधी देण्याची योजना सत्तरच्या दशकात आली. तिचा उपयोग झाला, पण ती बाहेरून मिळणारी मदत होती.

जोडण्याचे प्रयत्न

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये काही निवडक ‘प्रमुख विद्यापीठे’ घडविण्याची शिफारस केली, ती कागदावरच राहिली. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने आंतरविद्यापीठ केंद्रांचा मार्ग धरला. तुर्भ्याची ‘ध्रुव’ व तत्सम सुविधा विद्यापीठांतील संशोधकांना वापरता याव्यात अशीही व्यवस्था त्यातून झाली. तुर्भ्याच्या प्रशिक्षण शाळेनंतर बरोबर पन्नास वर्षांनी, २००७ मध्ये, मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांनी मूलभूत विज्ञानाचे संयुक्त केंद्र कालिना परिसरात सुरू केले. त्याच सुमारास पुणे, कोलकाता, भुवनेश्वर येथे विज्ञान शिक्षण व संशोधन एकत्र करणाऱ्या संस्था आल्या. मात्र जुनी विद्यापीठे सुधारण्याऐवजी त्यांच्या शेजारी नव्या संस्था उभारण्याची १९४५ ची सवय येथेही सुटली नाही, हे नोंदविले पाहिजे. २०२३ च्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान कायद्याच्या वेळी विद्यापीठे व महाविद्यालये यांच्यातील संशोधनाचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या परिसरात स्थापन झालेल्या ‘आयुका’चा प्रयोग या सर्वांत महाविद्यालयीन अध्यापकाच्या सर्वाधिक जवळचा म्हणता येईल. तेथील अभ्यागत सहयोगी योजनेत देशभरातील विद्यापीठांचे व महाविद्यालयांचे अध्यापक येऊन काही काळ काम करतात, ग्रंथालय व संगणक वापरतात, सहकाऱ्यांशी चर्चा करतात, आणि सत्र सुरू झाले की आपल्या तासिकांकडे परततात.